सबकुछ ओरिजिनल

महिंद्रांनी १९४७ पासून आपल्याकडे विलीज जीप जोडायला घेतल्या. त्यांतली एखादी आजही कुणाच्या तरी पार्किंगमध्ये विटांवर उभी असते आणि मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो, ‘गाडी ओरिजिनलच करायची!’

मग पत्रा उचकटला जातो. ड्रायव्हरच्या पायाखाली गंजाने खाल्लेलं भगदाड, त्यावर आधीच्या मालकाने ठोकलेलं तेलाच्या डब्याचं ठिगळ आणि वर बोटभर पुट्टी. तो पत्रा जातो, नवा येतो. सहा व्होल्टची वायरिंग बारा व्होल्टची होते. मूळचं २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन परवडत नाही, म्हणून डिझेल बसतं. पुढे पॉवर स्टिअरिंग, डिस्क ब्रेक आणि अर्थात म्युझिक सिस्टिम. बोनेटवर पांढरा तारा रंगवला, की गाडी थेट दुसऱ्या महायुद्धातून आलेली!

आता कागद. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून नोंदता येतं. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. अट एवढीच, की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. इथे मालक एकदम गप्प होतो.

नोंदणी झालीच, तरी अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. यादीत दुरुस्ती आवर्जून घातली आहे. नियम करणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी दारात जीप असणार.