चकलीचा डबा

मी केलेल्या ॲम्प्लिफायरला पहिल्यांदा वीज दिली, तेव्हा आधी भुंगा गुणगुणला, मग सनई वाजली आणि मग एक बाई बाजारभाव सांगू लागल्या. मी अजून त्याला काही जोडलंच नव्हतं. नुसती हातभर वायर टेबलावरून लोंबत होती. आई देवघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अरे वा, रेडिओ केलास!"

रेडिओ करायला अक्कल लागते म्हणतात. तो नको असताना व्हायला साबणाची प्लॅस्टिकची डबी पुरते. एलएम ३८६ ही आठ पायांची चिप मी बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबाजवळून आणली होती. दुकानदाराने विचारलं होतं, "कॅबिनेट?" मी साबणाची डबी म्हटल्यावर त्याने सुट्टे पैसे जरा सहानुभूतीनेच मोजले.

झालं असं की आकाशवाणी पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झच्या लहरीला माझी वायर म्हणजे आयती अँटेना मिळाली. चिपमधल्या ट्रान्झिस्टरांनी कुणी सांगितलं नसताना लहरीतून आवाज सोलून काढला, आणि उरलेल्या भागाने तो इमानेइतबारे २०० पटींपर्यंत वाढवला. प्लॅस्टिकला यात काही म्हणायचं नव्हतं. शेजारच्या काकूंनी मिक्सर लावला की त्यावर खर्रर्र. मिक्सरच्या मोटरीतले कार्बन ब्रश ठिणग्या उडवतात, आणि एका ठिणगीत सगळ्या फ्रिक्वेन्सींची मिसळ असते. आठवड्याभरात मी भिंतीपलीकडे चटणी चाललीय की इडलीचं पीठ, ते बिनचूक सांगू लागलो.

१८३६ मध्ये मायकेल फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फुटी पिंजरा बांधला, त्याला तारा आणि धातूचा पातळ पत्रा लावला, स्वतः आत शिरला आणि बाहेर विजेचा धुमाकूळ चालू असताना आत निवांत मोजमापं घेत बसला. बारा फुटी पिंजरा आमच्या बैठकीत मावला नसता, म्हणून मी पोळ्या गुंडाळायची फॉइल घेतली. डबीला आतून चिकटवली, सर्किट आत ठेवलं, झाकण दाबलं. फॉइलने सर्किटच्या चार पायांना एकदम मिठी मारली आणि डबीतून बारीकसा धूर निघाला. दुसरी चिप आणताना दुकानदाराने काहीच विचारलं नाही. या खेपेला मधे चिकटपट्टी घातली. पण फॉइलला अर्थची वायर जोडायची कशी? ॲल्युमिनियमवर साधं सोल्डर धरत नाही, दहिवरासारखं घरंगळून जातं.

भुंगा मात्र फॉइलला भीकच घालत नव्हता. तो माझ्याच ट्रान्सफॉर्मरचा, ५० हर्ट्झचा. त्याचं चुंबकी क्षेत्र ॲल्युमिनियममध्ये १२ मिलिमीटर आत गेल्यावर कुठे जेमतेम एकतृतीयांशावर येतं, आणि फॉइल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी! लोखंडच हवं होतं.

लोखंड होतं, माळ्यावर. फुलाफुलांचा पत्र्याचा चकलीचा डबा.

तरीही बाबांचा जुना मोबाइल वाजायच्या आधी डब्यातून 'टिरीट-टिरीट-टिर्रर्र' ऐकू येईच. दोन दिवस डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की काठावरचा तो सुरेख रंगच नडत होता. रंगामुळे झाकण डब्यावर बसत होतं, पण विजेच्या हिशेबी अधांतरी होतं. फट केसाएवढी का असेना, लहरी रुंदी बघत नाहीत, लांबी बघतात. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झची अर्धी लहर १७ सेंटिमीटर, आणि झाकणाची एक बाजू साधारण तेवढीच. सँडपेपरने काठाची सगळी फुलं खरवडली. मोबाइल गप्प झाला.

आकाशवाणी चालूच. दाराला कडी, पण मोरी उघडी! मांजर वायरीवरून चालत आत येत होतं. शेवटी जाळीची वायर आणली, तिची जाळी डब्यात शिरते तिथेच पत्र्याला जोडली, आत येणाऱ्या तारेपासून पत्र्यापर्यंत एक चिमुकला कपॅसिटर लावला. ट्रान्सफॉर्मरला डब्यातून हाकलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आडवा बसवला. खरं तर हे सगळ्यात आधी करायला हवं होतं.

आणि शांतता पसरली. अशी, की स्पीकर जळला म्हणून मी घाबरलो. काकूंचा मिक्सर भिंतीपलीकडे ओरडत होता आणि माझ्या डब्याला गंधवार्ता नव्हती. मी आईला हाक मारली. तिने कान लावला, मग झाकणाचा काठ पाहिला.

"फुलं कुठं गेली?"

मी फॅरडेपासून सुरुवात केली.

"ते असू दे. परवा भाजणीच्या चकल्या करायच्यात. डबा रिकामा कर, घासून दे. तुझं ते साबणाच्या डबीत होतं की चांगलं."

कपॅसिटर सुटला, जाळी सुटली, डबा चिंचेने घासून निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावरून सनई आली, मागोमाग त्या बाई. आई चहा गाळता गाळता म्हणाली, "कांदा उतरला बघ."