पाचवा माणूस

वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर, निधनवार्ता आणि ‘उद्या पाणी नाही’ यांच्या मधोमध, दर पंधरवड्याला एक चौकट येते : ‘जिल्ह्यात मनाई आदेश लागू’. ती कुणी वाचत नाही. मी वाचतो. अग्रलेखात काय असणार ते आधीच ठाऊक असते. या चौकटीत निदान भाले-तलवारी तरी असतात.

काय काय मना आहे ते ऐकाच. सोटे, दंडे, भाले, तलवारी बाळगणे. हे मान्य, भाला घेऊन भाजी आणायला आम्ही एरवीही जात नाही. दगड जमवणे. प्रेतांचे किंवा पुतळ्यांचे प्रदर्शन. जाहीर घोषणा, गाणी, वाद्ये. आवेशपूर्ण भाषणे, हावभाव आणि नकला, चित्रे आणि चिन्हे, म्हणजे अधिकाऱ्याच्या मते ज्यांनी सभ्यतेला, नीतीला किंवा राज्याच्या सुरक्षिततेला धक्का लागेल अशी. ‘अधिकाऱ्याच्या मते’ हे नीट वाचा. तुमचे मत कुणी विचारलेले नाही. आता हावभाव न करता मराठी माणसाने रिक्षाच्या भाड्यावर दोन वाक्ये तरी बोलून दाखवावीत! आणि नकला बंद झाल्या तर विधानसभेतल्या निम्म्या भाषणांचे काय होईल? आवेश बंद झाला तर उरलेल्या निम्म्यांचे?

यादीच्या शेवटी खरी मेख आहे : पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र जमू नये.

हे सगळे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ मधले. आपल्याकडे असे काही दिसले की इंग्रजांच्या नावाने बोटे मोडायची पद्धत आहे. इथे ती सोय नाही. हा कायदा १९५१ चा, तेव्हाच्या मुंबई राज्याचा. शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क अनुच्छेद १९ ने देऊन जेमतेम वर्ष उलटले होते. त्याच १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती होऊन भाषणस्वातंत्र्याला ‘सार्वजनिक सुव्यवस्थे’ची वेसणही लागली. बारशालाच बाळाचे पाय बांधून ठेवले, धावले तर पडेल म्हणून.

जमावबंदी राज्य सरकारच्या मंजुरीवाचून पंधरा दिवसांच्या वर चालवता येत नाही, असे याच कलमात लिहिले आहे. सद्हेतूच तो. पण सोळाव्या दिवशी नवा आदेश काढू नये, असे कुठे लिहिले आहे? कारणांना तोटा नाही : आगामी सण, जयंत्या, पुण्यतिथ्या, मोर्चे, उपोषणे. ज्या पंधरवड्यात यातले काहीच नाही असा पंधरवडा महाराष्ट्राच्या पंचांगात सापडला तर मला कळवा. काश्मीरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले होते की तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १४४ चे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणे हा अधिकाराचा गैरवापर आहे. पण ते १४४. आमचे ३७.

आदेशाला काळीज मात्र आहे. म्हातारपणामुळे काठी लागत असेल तर ती बाळगता येते. लग्न आणि अंत्ययात्रा यांनाही सूट असते. म्हणजे बोहल्यावर चढलो किंवा तिरडीवर चढलो, तर लोकांनी आपल्याभोवती जमायला सरकारची हरकत नाही. मधल्या काळाचे ज्याने त्याने पाहावे.

आमच्या टपरीवर चौघे असतो तोवर आम्ही नागरिक. पाचवा आला की जमाव. पाचवे म्हणजे आप्पा. त्यांना हे समजावून सांगितले आणि पलीकडच्या बाकावर बसा म्हटले, तर म्हणाले, “माझा चहा उधारीवर असतो. गुन्हाही उधारीवरच लिहायला सांगा.” हवालदारसाहेब तिथेच कटिंग घेत होते, म्हणजे सहावे. तेही हसले.

आणि गोम या हसण्यातच आहे. आप्पांना कुणी धरत नाही, कारण आप्पा कुणाला नको असलेले काही मागत नाहीत. भाऊंच्या वाढदिवसाला चौक अडवून ढोल वाजतो, तेव्हा कलम ३७ रजेवर असते. अंगणवाडी सेविका थकलेल्या मानधनासाठी कलेक्टर कचेरीसमोर बसल्या, शेतकऱ्याने कांद्याच्या भावासाठी मंत्र्याचा पुतळा जाळला, की दुसऱ्या दिवशी बातमीत ‘म.पो.का. कलम ३७ (१)(३) सह १३५’. कायदा सगळ्यांनी मोडायचा आणि सरकारने त्यातले हवे ते निवडायचे, अशी ही व्यवस्था आहे.

तसे पाहता गुन्ह्याला पाच जण लागतातच असे नाही. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींत भागले होते : एकीने मुंबईच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिले, दुसरीने लाइक केले, दोघींना अटक. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६अ कलमाचा त्यात आधार घेतला ते २०१५ मध्ये न्यायालयाने रद्द केले. जागा रिकामी ठेवणे बरे नव्हे, म्हणून १० जुलै २०२५ रोजी आपल्या विधानसभेने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्याआधी या विधेयकावरच्या समितीकडे १२ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या होत्या. लोक एकेकटे घरी बसून लिहीत असल्याने जमावबंदीचा भंग झाला नाही, हे त्यातले समाधान.

जाता जाता : १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो आणि तो आजन्मही मिळतो. चौकात बसून चहा पिण्याचा तसा काढून मिळाला तर मी रांगेत उभा राहायला तयार आहे. पण रांगेतही पाचवा नंबर लागायचा.

तेव्हा वाचकहो, एक काम करा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज घ्या, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला एवढेच विचारा : गेल्या वर्षभरात आपल्या जिल्ह्यात मनाई आदेश लागू नव्हता असे दिवस किती? अर्ज दीडशे शब्दांत बसवा, आणि द्यायला एकेकटे जा. उत्तरासाठी त्यांना तीस दिवस मिळतात, म्हणजे दोन आदेश.