पुडिंगवाले काका

चारचौघांत पुडिंगचा विषय निघाला की मी जरा सावरून बसतो. तो आपणहून फारसा निघत नाही, काढावा लागतो, ही गोष्ट वेगळी. लग्नाच्या बुफेत स्वीट डिशच्या टेबलाशी उभं राहावं, शेजारच्याने कॅरॅमल कस्टर्डला चमचा लावावा, मला तेवढं पुरतं. "पुडिंग मुळात गोड नव्हतंच, बरं का," मी सहज म्हणतो. हे 'सहज' साधायला मला बरीच वर्षं लागली आहेत. मग मी शांतपणे सांगतो, की मध्ययुगातलं इंग्रजी पुडिंग म्हणजे डुकराचं आतडं नाही तर मेंढीचं पोट. त्यात रक्त, चरबी, ओट, कांदा असं जे असेल ते ठासायचं, तोंड बांधायचं आणि उकळायचं. चमचा खाली येतो. त्या माणसाचं कस्टर्ड तसंच राहतं, आणि मला विद्वत्तेचं समाधान मिळतं.

पुतणे माझ्यामागे मला 'पुडिंगवाले काका' म्हणतात. मी ऐकलं नाही असं दाखवतो, कारण मला ते आवडतं.

समोरचा पक्का शाकाहारी असेल तर मी ब्लांमांज बाहेर काढतो. पूर्वी युरोपातल्या बड्या घरांत तांदूळ, बदामाचं दूध आणि साखर यांत कोंबडीचं मांस बारीक तंतू करून शिजवत, आणि तो पदार्थ मानाचा समजत. तुर्कस्तानात दुधाच्या पुडिंगमध्ये कोंबडीच्या छातीचे तंतू आजही घालतात. हे सांगितल्यावर सहसा माझ्याभोवती बरीच मोकळी जागा होते.

सतराव्या शतकात इंग्रजांना फडक्याची युक्ती सापडली. जनावर कापायचा दिवस उजाडेपर्यंत आतड्यासाठी थांबायला नको. पीठ भुरभुरलेल्या फडक्यात मैदा, चरबी, मनुका बांधा आणि द्या उकळत्या पाण्यात सोडून. पुडिंगची गोडाकडे वाटचाल सुरू झाली ती इथून. गरिबाघरी मोठं भांडं एकच, कपडे उकळायचं; त्यामुळे पुडिंग त्यातच शिजे. डिकन्सच्या १८४३ सालच्या 'ख्रिसमस कॅरल'मधल्या क्रॅचिट कुटुंबाचं पुडिंग अशाच भांड्यातून निघतं, आणि धुण्याच्या दिवसाचा वास येतो तो फडक्याचा.

यॉर्कशर पुडिंग हे माझं राखीव अस्त्र. मैदा, अंडी आणि दूध यांचं पातळ पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत ठेवलं की फुगून वर येतं. आधीच्या काळी विस्तवापुढे मांस फिरत असे आणि त्याच्याखाली या पिठाची ताटली. वरची चरबी ठिबकून त्यात पडे. जेवणात हे पहिल्यांदा वाढत, वर मांसाचा रस घालून, म्हणजे निम्मं पोट भरतं आणि महागाचं मांस कमी लागतं. पंगतीत श्रीखंड उशिरा फिरवणाऱ्या यजमानाला ही युक्ती समजावून सांगायला नको. २००८ साली ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने जाहीर केलं, की चार इंचांपेक्षा बुटकं ते यॉर्कशर पुडिंगच नव्हे. मी ही बातमी घरी सांगितली तेव्हा बायको पुऱ्या तळत होती. "आमच्याकडे उंची मोजत नाहीत," ती म्हणाली. "न फुगलेली नवऱ्याला वाढतात." आणि वाढली.

या पुडिंगची कृती १७४७ साली हॅना ग्लास या बाईंच्या पाकपुस्तकात आली. पुस्तकावर त्यांचं नाव नव्हतं, 'एका स्त्रीने लिहिलेलं' एवढाच उल्लेख. पुस्तक धो धो खपलं, बाईंचं मात्र दिवाळं निघालं आणि त्यांना त्याचे हक्क विकावे लागले. पुढे थोर पंडित डॉक्टर जॉन्सन यांनी मत दिलं, की बायकांना चांगलं पाकपुस्तक लिहिता येणं शक्य नाही. आपण लिहिलं तर आजवरच्या सगळ्यांहून सरस लिहू, असंही ते म्हणाले. लिहिलं अर्थात नाहीच. स्वयंपाकाशी संबंध जेवण्यापुरता आणि मतं मात्र मूलभूत! हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

ख्रिसमस पुडिंगवर मी पूर्वी तासभर बोलत असे. आता घरच्यांनी वेळ ठरवून दिली आहे. तेवढ्यात मी १९२७ सालचं 'एम्पायर पुडिंग' बसवतो. पाचव्या जॉर्ज बादशहांच्या मुदपाकखान्यातून कृती आली आणि सरकारी खात्याने तिचा गाजावाजा केला. अट एकच, की जिन्नस साम्राज्यातलेच हवेत. लवंग झांझिबारची, रम जमैकाची आणि हिंदुस्थानच्या वाट्याला मसाला. साम्राज्यावर सूर्य का मावळत नव्हता याचा एक खुलासा मला इथे सापडला. हे पुडिंग वाफवायलाच सात-आठ तास लागतात, आणि ते होईपर्यंत कोणालाही उठता येत नाही.

पण या इतिहासात माझं मन खरं रमतं ते बर्मिंगहॅमच्या एका औषधविक्याच्या दुकानात. आल्फ्रेड बर्ड त्याचं नाव. त्याच्या बायकोला अंडं सोसत नसे आणि कस्टर्ड म्हणजे तर अंड्याच्या बलकाने दाट झालेलं दूध. दुसरा नवरा म्हणाला असता, नको खाऊस. बर्डने १८३७ साली मक्याच्या पिठाची बिनअंड्याची पावडर तयार केली. बाईंना यीस्टही चालत नसे, म्हणून १८४३ साली त्याने बेकिंग पावडर केली. (हे मी बायकोला सांगितलं. माझा इतिहास तिने शेवटपर्यंत ऐकला तो त्या वेळी, आणि नंतर बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली.) त्या माउलीची पचनशक्ती ठणठणीत असती तर आमच्यासारख्या अंडं न शिवणाऱ्या घरांनी पाहुण्यांपुढे काय ठेवलं असतं? शिरा. मोठ्या पदाचे पाहुणे असतील तर केळं घातलेला शिरा.

कस्टर्ड पावडरचा पुडा आमच्याकडे साबुदाण्याच्या डब्यामागे असे, मुलांच्या नजरेआड. आई वाटीभर थंड दुधात पावडर कालवायची, आणि ते उकळत्या दुधात बारीक धारेने सोडायची. एक हात धारेवर, दुसरा डावावर. हात थांबला की गुठळी. पिठाचे कण गरम दुधात भराभर फुगतात, ढेकळाची बाहेरची बाजू चिकट होऊन बंद होते आणि आतलं पीठ कोरडंच राहतं, हे मला पुस्तकातून कळलं. आईला ते मनगटातून कळत होतं. तिचं अननसाबाबतचं धोरणही तसंच पक्कं होतं. ताजा अननस कस्टर्डमध्ये कधीच नाही, डब्यातला असेल तर चालेल. ताज्या फळातलं ब्रोमेलेन दुधातल्या प्रथिनांचे तुकडे पाडतं, म्हणून कस्टर्ड कडवट होतं. डबा भरताना दिलेल्या उष्णतेने ते निकामी झालेलं असतं. आईची शास्त्रीय परिभाषा याहून आटोपशीर होती: "घालून बघ आणि तूच खा."

केळं अगदी शेवटी, नाही तर काळं पडतं. डाळिंबाचे दाणे वरून, आणि मोजून. मग शोकेसमधले दांडीचे काचेचे बोल निघायचे. बोल सहाच. पाहुणे, आजोबा आणि बाबा धरले की सहा भरायचे, एखादा उरला तर आम्हा भावंडांत फिरायचा. आई म्हणायची, मला गोड फारसं आवडत नाही. नंतर ती ओट्याशी उभी राहून पातेलं निपटायची. बुडाला लागलेलं, गुठळ्यांचं, साय धरलेलं असं जे काही काचेत शोभलं नसतं ते. आम्ही मधे हात घातला की चांगला भाग आमच्या बोटाला यावा असं पातेलं फिरवायची. तिला गोड किती आवडायचं ते मला फार उशिरा समजलं. तोवर डॉक्टरांनी तिचं गोड बंद केलं होतं.

म्हणून हल्ली कोणी खाद्यपारखी पडद्यावर येऊन कस्टर्ड पावडरला नाक मुरडू लागला, खरं कस्टर्ड म्हणजे बलक आणि व्हॅनिलाच्या शेंगा असं सांगू लागला, की माझं डोकं फिरतं. हा माणूस शंभर टक्के बरोबर असतो. मीही बुफेत नेमकं हेच बोलतो. पण मी बोललो तर तो व्यासंग. दुसऱ्याने बोललेलं मला खपत नाही.

खरवसाला मी एकदा कौतुकाने 'आपलं स्टीम्ड पुडिंग' म्हणालो. आत्याच्या हातात चाळणी होती. "पुडिंग असेल तुझ्या इंग्रजाचं," ती म्हणाली. "याला चीक लागतो. आणि चीक आधी वासराचा." व्यायल्यानंतरच्या पहिल्या दुधात प्रथिनं इतकी असतात, की नुसत्या वाफेने ते घट्ट होतं, ना अंडं, ना पीठ. गूळ, वेलची, जायफळ एवढंच काय ते माणसाचं. जगातल्या सगळ्या पुडिंगवाल्यांनी हेवा करावा असा पदार्थ. तो आम्ही आता दुधाची पावडर, कंडेन्स्ड मिल्क आणि चायना ग्रास घालून चौकोनी कापतो आणि प्लास्टिकच्या डबीत भरून विकतो. आत्याने ती डबी उघडली, वास घेतला आणि मांजरीपुढे ठेवली. मांजरीचं मतही तेच पडलं.

एक गोष्ट मात्र मी बुफेत सांगत नाही. लंडनच्या हॉटेलात न्याहारीला एक काळी चकती आली. ब्लॅक पुडिंग: डुकराचं रक्त, चरबी, ओट. पूर्वी लँकशरमध्ये असलेल्या बरी गावाची ती ओळख आहे, आणि स्कॉटलंडमधल्या स्टॉर्नोवेच्या ब्लॅक पुडिंगला २०१३ साली युरोपात भौगोलिक नामाचं संरक्षण मिळालं. मी ती चकती अदबीने चाखली, फोटो काढला, घरच्या ग्रुपवर पाठवला. सगळ्यांनी माझ्या मोकळ्या मनाचं कौतुक केलं. पुढे शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' वाचलं. त्यात मराठवाड्यातल्या दलित घरांमधली, रक्तापासून केलेली रक्ती आहे. जिन्नस तोच. तिथे लगेच काटा उचलणारा मी, इथे असं ताट समोर येऊ शकेल अशा घरी कधी जेवायलाच बसलो नव्हतो. कोणी बोलावलं नाही म्हणावं, तर आमच्या ओट्यापर्यंत तरी आम्ही कोणाला येऊ दिलं होतं? न्याहारीचा फोटो अजून फोनमध्ये आहे. त्याखालचे अंगठेही आहेत.

गेल्या डिसेंबरात म्हापशाच्या बाजारात बेबिंक घ्यायला थांबलो. नारळाचं दूध, बलक, साखर, मैदा, तूप. एक थर ओतायचा, वरून भाजायचा, तो तांबूस झाला की त्यावर दुसरा. सगळे थर चढेस्तोवर दिवस जातो. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं मी विक्रेत्या बाईंना सांगायला लागलो. त्यांच्या घरी हे कोण करतं, ते विचारायचं मला सुचलं नाही. दोन थरांनंतर त्या बायकोकडे वळल्या.

"अर्धा किलो की एक?"

"एक," बायको म्हणाली. "यांचं चालू द्या. तोवर तुम्ही बांधून द्या."