घरी जोडलेला संगणक सुरू होत नसल्यास करावयाचा विधी

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण परिसरातील ज्या गृहस्थांच्या बारावीतल्या चिरंजीवांनी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी संगणक जोडला आहे, आणि जो जोडल्यापासून फक्त शोभेसाठी आहे, त्यांच्याकरिता ही मार्गदर्शिका आहे. कंपनीचा तयार संगणक घेतलेल्यांनी ती वाचू नये. त्यांना कस्टमर केअरला फोन लावून संगीत ऐकण्याची सोय आहे.

प्रथम सल्लागार आवरावेत. कॅबिनेटचे झाकण उघडल्याची बातमी बिल्डिंगमध्ये पाण्याच्या टँकरपेक्षा लवकर पसरते. शेजारचे काका बनियनवरच येतात आणि लांबून पाहूनच ‘बोर्ड गेला’ असा निकाल देतात. वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर (सिव्हिल) ‘फॉरमॅट मारून बघ’ म्हणतो. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसणे, आणि आपले यंत्र अजून डिस्कपर्यंत पोचलेलेच नाही, हे त्याला समजावत बसू नये. त्याच्या हातात मोबाइल देऊन टॉर्च धरायला लावावे. टॉर्च धरणारा माणूस सहसा सल्ला देत नाही.

मग भिंतीपासून सुरुवात करावी. भिंतीवरचे बटण चालू आहे का, यूपीएस जिवंत आहे का, हे विचारणे अपमानास्पद वाटते, म्हणूनच ते कोणी विचारत नाही. लोडशेडिंगच्या काळात घेतलेल्या यूपीएसमध्ये 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते आणि ती साधारण दोन-तीन वर्षांत दम तोडते. अनेक घरांत ती पुढेही केवळ आदरापोटी ठेवलेली असते. तेव्हा यूपीएस बाजूला ठेवून वायर थेट भिंतीत लावावी. संगणकाच्या मागे एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, एक छोटा स्विच असतो, त्यावर एक उभी रेघ आणि एक गोल असतो. गोल म्हणजे बंद. तो ‘ऑन’मधला ‘ओ’ आहे अशी बऱ्याच सुशिक्षित घरांत समजूत आहे.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घाबरू नये, पण कौतुकही करू नये. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे कपॅसिटर कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडलेले असतात. सॉकेटला अर्थिंग नसेल तर त्या पत्र्यावर 230 व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास दाब बसतो आणि टेस्टर मिणमिणतो. जुन्या चाळीत आणि बऱ्याच जुन्या सोसायट्यांत तिसरे भोक केवळ दर्शनी असते. त्यावर ‘चप्पल घालून वापर’ हा उपाय सर्रास सांगितला जातो. त्याने माणसाची सोय होते, रॅमची होत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

आता बटणाकडे यावे. इंटेलने 1995 मध्ये एटीएक्स रचना आणली, त्याआधी पुढचे बटण खरोखरच वीज तोडत किंवा जोडत असे. आता ते फक्त मदरबोर्डकडे अर्ज करते. मंजुरी बोर्ड देतो. हा अर्ज दोन बारीक वायरींनी जातो आणि त्या बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यातल्या पिनांवर खोचायच्या असतात. तिथे पॉवर, रिसेट आणि दिवे अशा चिमुकल्या जोड्या असतात, अक्षरे मुंगीएवढी. चिरंजीवांनी पॉवरची जोडी रिसेटवर लावली असेल तर बटण आयुष्यभर दाबूनही काही होणार नाही. खात्रीसाठी त्या पॉवरच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवाव्यात. पंखे फिरले तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे, आणि नवा बोर्ड घ्यायला निघालेल्या वडिलांना चपला काढायला सांगावे.

पंखे तरीही हलले नाहीत तर एसएमपीएसची परीक्षा. मेन बंद करून बोर्डाचा 24 पिनांचा प्लग काढावा, त्यातली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरीला कागदाच्या क्लिपने जोडावी आणि मग मेन चालू करावा. पंखा फिरला म्हणजे तो निदान जागा आहे. (नव्या मॉडेलमध्ये सगळ्याच वायरी काळ्या असतात. तिथे माहितीपुस्तिका उघडण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ती पुस्तिका रद्दीत गेलेली असते.) एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही विजेचा साठा राहतो, आणि मेलेले झुरळ बाहेर काढण्यासाठी तो धोका पत्करण्याची गरज नाही.

पंखे फिरतात आणि लगेच थांबतात, पुन्हा फिरतात, अशी धाप लागलेली असेल तर प्रोसेसरला वेगळी वीज देणारी चार किंवा आठ पिनांची वायर पाहावी. ती बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात लावायची असते, जिथे हात जात नाही. म्हणूनच ती राहून जाते.

पंखे नीट फिरतात पण पडदा काळा, ही आपल्याकडची सर्वांत लोकप्रिय अवस्था. दुकानात तिला ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणतात. इथे रॅम काढून पुन्हा लावण्याचा विधी करावा, आणि तो मन लावून करावा. कॅबिनेटची वायर काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज घालवावी. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात पांढऱ्या मऊ खोडरबराने हलकेच पुसावेत. शाई खोडणारे खरबरीत रबर चालत नाही. दातांवरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की जोर लावल्यास मळाबरोबर तोही जातो. रबराचा चुरा ब्रशने झाडावा, तोंडाने फुंकू नये, कारण तोंडातून थुंकीही उडते. मग पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवावी, ‘टक्’ ऐकू येईपर्यंत. चार खाचा असतील तर एकटी पट्टी सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या खाचेत लावायची असते. चिरंजीवांनी ती पहिल्या खाचेत लावलेली असते, कारण पहिला नंबर.

एमआयडीसीजवळ राहणाऱ्यांनी हा विधी जास्त श्रद्धेने करावा. ज्या डोंबिवलीत 2014 च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला आणि 2020 मध्ये रस्ता गुलाबी झाला, तिथल्या हवेला तांबे आणि चांदी यांच्याविषयी ममत्व नाही. गंधकयुक्त वायू या धातूंवर काळा थर चढवतात. घोडबंदर रोडवाल्यांनी यावर हसू नये. मेट्रोच्या कामाची धूळ त्यांच्या पंख्यात बसलेली आहेच.

डीडीआर 5 रॅम असेल तर पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड तिची ओळख करून घेतो आणि त्यात काही मिनिटेही जातात. तेवढा वेळ पडदा काळाच असतो. घरातली मंडळी अर्ध्या मिनिटात बटण दाबतात आणि बिचारा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. चहा टाकावा.

तरीही अंधार असल्यास मॉनिटरची केबल कुठे खोचली आहे ते पाहावे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असताना केबल बोर्डाच्या भोकात असेल, आणि प्रोसेसर नावाच्या शेवटी ‘एफ’ लावणाऱ्या इंटेलच्या घराण्यातला असेल, तर त्या भोकातून चित्र येणारच नाही, कारण त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स चालत नाही. पडदा उजळला, पण घड्याळ दर वेळी जुनी तारीख दाखवत असेल तर बोर्डावरचा सीआर 2032 सेल बदलावा. 20 मिलिमीटर व्यास, 3.2 मिलिमीटर जाडी, म्हणून 2032. घड्याळाच्या दुकानात मिळतो.

या सगळ्यात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आपल्याकडे रविवारी दुपारी रॅम, केबल, सेल आणि प्लग एकदम बदलतात, संगणक सुरू होतो, आणि कशामुळे झाला यावर रात्रीपर्यंत भांडण चालते.

एवढे करूनही काही न झाल्यास कॅबिनेट लॅमिंग्टन रोडला न्यावे. महानगरपालिकेच्या दप्तरी तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने टॅक्सीवालाही नेणार नाही आणि दुकानदारही ओळखणार नाही. सकाळच्या गर्दीत निघू नये. कॅबिनेट घेऊन डोंबिवलीहून फर्स्ट क्लासमध्ये चढणाऱ्याला लोक शिव्या देत नाहीत, नुसते बघतात, आणि ते जास्त लागते. मालडबा गाठावा. दादरला उतरून पूल चढून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी, मग ग्रँट रोड. रविवारी जाऊ नये, बहुतेक दुकाने बंद असतात.

दुकानात काय होते ते आधीच सांगतो. तिथला मुलगा स्वतःची वायर आणि स्वतःचा मॉनिटर लावतो, बटण दाबतो, आणि संगणक पहिल्याच फटक्यात सुरू होतो. तो तुमच्याकडे दयेने पाहतो. याला चमत्कार म्हणू नये. एक तर गाडीच्या हादऱ्यांनी सैल जोड जागेवर बसला, नाही तर दोष घरी राहिलेल्या वायरीत, केबलीत किंवा सॉकेटमध्ये आहे. म्हणून कॅबिनेटबरोबर घरची पॉवरची वायर आणि मॉनिटरची केबल न्यावी आणि त्याला तीच लावायला सांगावी. एवढ्याने कित्येक बोर्डांचा जीव आणि वडिलांचा बोनस वाचेल.

शेवटची सूचना डोंबिवलीकरांना. एमआयडीसीतले कारखाने शुक्रवारी बंद असतात, त्यामुळे महावितरणची देखभाल-दुरुस्तीही बहुधा त्याच दिवशी निघते. तेव्हा स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी आज वार कोणता ते बघावे. छताचा पंखाही फिरत नसेल तर संगणक निर्दोष आहे.