संपर्क होऊ शकला नाही

बीडच्या राजकीय चर्चेत कोणाला बोलवायचे, याचा निकष आमच्या वर्तमानपत्रांनी ठरवूनच टाकला आहे. माणूस फोन उचलणारा हवा, प्रेसनोट स्वतःच टाइप करून पाठवणारा हवा. वाढदिवसाला पानभर जाहिरात देत असेल तर दुधात साखर.

साखरेवरून ऊसतोड कामगार आठवले. त्यांच्या मजुरीचा विषय निघाला की साखर संघ बोलतो, कारखान्यांचे अध्यक्ष बोलतात, संघटनांचे नेते बोलतात. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के दरवाढ ठरली, तेव्हा बातमीत शरद पवार होते, पंकजा मुंडे होत्या. मुकादमाचीही बाजू येते: उचल घेऊन मजूर पळतात हो! राहता राहिला तोडणारा.

त्याला मुद्दाम वगळतात असे कोणी म्हणू नये. कार्तिकात तो कोल्हापूर-सांगलीच्या नाहीतर बेळगावच्या फडात असतो, म्हणून संपर्क होऊ शकत नाही. वैशाखात तो गावात असतो, पण तेव्हा सीझन संपलेला, विषय शिळा. 2024 मध्ये गाळपाचा मुहूर्त 15 नोव्हेंबरचा आणि विधानसभेचे मतदान 20 तारखेला. मतदानासाठी फडावर गाडी धाडणाऱ्यांना टोळीचा पत्ता बिनचूक ठाऊक असतो. त्यांच्याकडून घेतला तरी चालेल.

बाईचा तर प्रश्नच मिटला. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल नवऱ्याच्या हातात, तेव्हा प्रतिक्रियाही त्याचीच. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. काही बातमीदार गावात जाऊन बायकांपाशी बसले होते, म्हणून तर हे बाहेर आले. पुढे चर्चा रंगली ती डॉक्टर, मंत्री आणि तज्ज्ञांची. आम्ही सदरकारही मागे नव्हतो. बाईला फोटोत जागा मिळाली, तीही पाठमोरी.

परंपरा तशी जुनी आहे. 1920 मध्ये आंबेडकरांच्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. आता जाहिरातीला कोणी नाही म्हणत नाही, एवढी प्रगती झाली.

संपादकांना विनंती आहे. दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. त्याआधी धारूर, वडवणी, पाटोद्याला बातमीदार पाठवा आणि एक अख्खे पान कोयत्यावरच्या बायांना द्या. त्या पानाला जाहिरात मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.