नववा ठोका

गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा, ही आपली जुनी रीत. हुंकार थांबला की आजी ओळखायची, पोर झोपलं. मग राजकन्येला राक्षसाच्या गुहेतच ठेवून ती दिवा मालवायची. आमच्या घरात ही रीत आता फक्त दोघी पाळतात, आणि त्या दोघीही चिप आहेत.

एक अर्डुइनो ऊनोवरची मायक्रोकंट्रोलर, दुसरी डीएस1307 नावाची, वेळ सांभाळणारी आठ पायांची. मध्ये दोन तारा: डेटाची आणि क्लॉकची. (ग्राउंडची तिसरी असतेच, पण तिला मोजायची पद्धत नाही.) ही आय-टू-सी बस फिलिप्सने 1982 साली काढली, टीव्हीच्या पोटातल्या चिप्सना थोडक्या तारांत बोलता यावं म्हणून. कंट्रोलर क्लॉकच्या आठ ठोक्यांत आठ बिटं सांगते आणि नवव्या ठोक्याला डेटाची तार सोडून गप्प बसते. तेवढ्यात समोरचीने तार खाली ओढली, की "हं, मग?" असं समजून पुढचा बाइट सुरू. दर आठ बिटांनी हुंकार! मला आठ वाक्यांनी एक मिळाला तरी चालेल.

"हं" म्हणायला तार ओढावी लागते, "नाही" म्हणायला काहीच करावं लागत नाही. चिप जळालेली असो, वायर सुटलेली असो की तिथे चिपच नसो, उत्तर एकच: शांतता. शिवाय या बसवर सगळ्यांना तार फक्त खाली ओढता येते. वर ओढायला 4.7 किलोओहमचा बापुडा रेझिस्टर लागतो. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ असा एकच मागून बघा. दुकानदाराच्या नजरेनेच आपण मूठभर घेतो. खाली ओढणारे सगळे, वर ओढणारा एकटा, यावर मी राजकीय भाष्य करणार नाही.

गोष्टीआधी पत्ता पुकारावा लागतो. डीएस1307 चा पत्ता कायमचा, हेक्समध्ये 68. एमपीयू-6050 ही हालचाल मोजणारी चिपही मूळची 68 वरचीच. दोघी एकत्र जोडल्या की एकदम हुंकार देतात आणि कंट्रोलर खूश. वाचायला गेलं की मात्र एकीच्या शून्यापुढे दुसरीचा एक टिकत नाही, आणि हाती येते ती ना वेळ ना हालचाल. नशीब, एमपीयूचा एडी-झिरो हा पाय वर जोडला की ती 69 वर राहायला जाते.

बरं, हुंकार आला म्हणजे कळलं असंही नाही. डीएस1307 ला दशक आणि एकक चार-चार बिटांत वेगळे लागतात. मिनिटांच्या जागी साधे सोळा पाठवा. ती "हं" म्हणते आणि दहा धरते. त्यात पहिल्यांदा वीज दिली की हिचं घड्याळ बंदच असतं. सेकंदांच्या बाइटचं सगळ्यात वरचं बिट कुणी शून्य केल्याखेरीज सेकंद पुढे सरकत नाही.

डेटाशीट म्हणते, लीप वर्षाचा हिशेब 2100 पर्यंतच बरोबर. हे मी सौभाग्यवतींना काळजीने सांगितलं.

"हं," ती म्हणाली. "आणि तो श्रीखंडाचा डबा कशाला भोकं पाडून ठेवलाय?"