पोरगं टिपेश्वरचं

अहो वहिनी, ऐकलंत का? इकडे या जरा, कुंपणाला लागून उभ्या राहा. मोठ्यानं बोलायची सोय नाही, आमच्या नणंदबाई आत पडल्यात. हो, बार्शीच्याच. आल्या तेव्हापासून एकच पालुपद. "तुमच्या यवतमाळचा वाघ आमच्या रानात आला, ढोरं मारली, आता भरपाई तुमच्याकडेच मागते." जसं काही मीच दावं सोडून पाठवला त्याला!

पण त्यांचं खोटं नाही हो. डिसेंबर २०२४ मध्ये नाही का, धाराशिवच्या येडशी-रामलिंगच्या जंगलात कॅमेऱ्यात त्याचा फोटो निघाला. तिथे पन्नासच्या वर वर्षं झाली, वाघ म्हणून कुणी पाहिला नव्हता. मग फॉरेस्टवाल्यांनी फोटो घेऊन पट्टे जुळवायला घेतले. पट्टे कसे, एका वाघाचे दुसऱ्यासारखे नसतातच. आणि गंमत म्हणजे एकाच वाघाचे डावीकडचे वेगळे आणि उजवीकडचे वेगळे. म्हणून तर वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे बांधतात. तर जुळवले, आणि निघाला कोण? आपल्या टिपेश्वर अभयारण्यातला! पांढरकवड्याहून धाराशिव, साडेचारशे-पाचशे किलोमीटर, आणि तेही पायी. तिथून बार्शीकडे सरकला. त्याला धरून सह्याद्रीत नेऊन सोडायचं ठरलं, पथकं आली, महिने गेले, हा काही हाती लागेना. नणंदबाई हे सांगताना अशा काही थाटात सांगतात, की जावयाचं कौतुक चाललंय असं वाटावं.

मी म्हटलं, "वन्सं, तुमच्याकडे आला तो धाकटा. आमच्या थोरल्याचं तुम्हाला ठाऊक नाही वाटतं?"

चेहरा पाहायला हवा होता तुम्ही. चहाचा कप तिथल्या तिथे थांबला.

तो वॉकर हो! आता यवतमाळच्या बाईला वॉकर काय सांगायचा, पण नणंदबाईंना सांगावा लागला ना. २०१६ च्या शेवटी टिपेश्वरमध्ये जन्मला. फेब्रुवारी २०१९ ला डेहराडूनच्या त्या वन्यजीव संस्थेच्या लोकांनी, ते डॉक्टर बिलाल हबीब आहेत ना त्यांच्या टीमनं, त्याला बेशुद्ध करून गळ्यात पट्टा घातला. रेडिओ कॉलर. तासातासाला हा कुठे आहे ते उपग्रहावरून कळणार. आपली पोरं फोन उचलत नाहीत, आणि ह्याचा पत्ता दर तासाला! आणि मग जूनमध्ये, आपल्याकडे पेरण्यांची गडबड तेव्हा, हा निघाला.

तिकडे खाली आदिलाबादकडे तेलंगणात जाऊन आला. मग पैनगंगेचं जंगल. मग नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला करत करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर तेराशे किलोमीटर झाले होते. सरळ नाकासमोर गेला असता तर अडीचशेच्या आतबाहेर भरलं असतं हो! पण सरळ जाईल तो टिपेश्वरचा कसला. मागे येई, पुढे जाई, एखाद्या नाल्याला दोन दिवस पडून राही. मार्च २०२० पर्यंत एकूण चालणं मोजलं तर तीन हजार किलोमीटरच्या वर. पाच हजारांवर लोकेशनं जमली त्या पट्ट्यातून.

नणंदबाई म्हणाल्या, "एवढा चालला आणि कुणाला दिसला नाही?"

तेच तर! वहिनी, खरी मेख तिथेच आहे. आपल्याला वाटतं वाघ म्हणजे घनदाट जंगल, तिथून पाऊल बाहेर टाकलं की संपला. शिकलेल्या लोकांनाही बरंचसं तसंच वाटायचं. आणि हा वावरांतून गेला. पऱ्हाटीतून, तुरीतून, रोड ओलांडून, गावांना वळसे घालून. दिवसा नाल्यातल्या झुडपात दडून राहायचं आणि रात्री निघायचं. आपण जागलीला जातो, मचाणावर बसून डुकरं हाकलतो, आणि खालून हा जातो की काय कोण जाणे! हिंगोलीकडे तेवढं एकदा झालं, तो झुडपात झोपलेला आणि काही माणसं तिथे घुसली, एकजण जखमी झाला. एवढ्या प्रवासात तेवढंच एक. शास्त्रज्ञांना त्याचंच नवल. कागदावर जंगलाचे तुकडे तुटलेले दिसतात, पण वाघाच्या लेखी ते वावरांनी जोडलेले निघाले.

आता तो गेला कशाला, ह्यावर आपल्या आळीत किती चर्चा झाली आठवतंय ना? दूधवाला म्हणे, "वैनी, तो बायको पाहाले निंघाला होता बाप्पा." मास्तरीणबाईंचं म्हणणं, बापानं हाकलला. आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "घरात जागा नसेल." आणि खरं सांगू का, तिघांचंही थोडं थोडं बरोबर. टिपेश्वर केवढं, जेमतेम दीडशे चौरस किलोमीटर. टिपाई देवीची कृपा म्हणा नाहीतर सागाच्या जंगलातल्या चितळांची म्हणा, वाघ वाढले. वयात आलेल्या नराला मग स्वतःचा इलाखा लागतो, भक्ष्य लागतं आणि हो, मादीही. आहे त्या जागी मोठा नर बसलेला. राहिला तर मार खाणार. मग काय करेल बिचारा...

आणि ज्ञानगंगेत काय झालं? सगळं मिळालं. नीलगाय आहे, रानडुक्कर आहे, दोनशे चौरस किलोमीटरचं रान, भांडायला दुसरा वाघ नाही. पण वाघीणही नाही! एकटाच. मग साहेब लोकांत खल सुरू, की ह्याच्यासाठी कुठूनतरी वाघीण आणून सोडायची का. मी तर म्हटलं, हे बरंय, माणसांच्या पोरांना शेती आहे म्हणून कुणी मुलगी देईना आणि इथे सरकार स्वतः स्थळ पाहतंय! पण हबीब साहेबांसारख्यांना धास्ती वेगळीच. जंगल लहान, भोवती शेतं आणि माणसं. जोडी लावली, बछडे झाले, तर ते पुढे कुठे जाणार? शेवटी पट्ट्याची बॅटरी संपत आली आणि एप्रिल २०२० मध्ये तो पट्टा काढून घेतला. आपण लॉकडाऊनमध्ये घरात कोंडलेले, आणि हा तिकडे मोकळा झाला. २०२१ मध्ये तर गौताळ्याच्या अभयारण्यात, तिकडे छत्रपती संभाजीनगरच्या पलीकडे, कितीतरी दशकांनी वाघ दिसला. पट्टे जुळवले, पुन्हा टिपेश्वरचाच! हे ऐकल्यावर नणंदबाईंनी कप खालीच ठेवला. त्यांना वाटत होतं, वाघानं खास बार्शी निवडली.

तर काय सांगत होते... हां, वॉकरच्या आईचं, त्या टी-वन वाघिणीचं. वॉकर टी-वनचा पोरगा म्हटल्यावर नणंदबाई दचकल्या. "म्हणजे ती नरभक्षक अवनी?" सगळे तिथेच घोळ घालतात हो. ही टिपेश्वरातली टी-वन वेगळी आणि पांढरकवडा-राळेगावची ती टी-वन वेगळी. तिचं नाव काढलं की मला अजून... तेरा माणसं गेली म्हणतात तिच्या पायी. तो उन्हाळा, तो पावसाळा, बायका वावरात जायला धजत नव्हत्या. आणि २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घातली. तेव्हा कुणी रडलं, कुणी फटाके फोडले, आपल्या भिशीत दोन गट पडले ते पडलेच. जाऊ द्या, तो विषय नको.

पण तिच्यासाठी सेंट मागवला होता, ते आठवतंय? तेव्हा सगळे हसले. कॅल्विन क्लाइनचा ऑब्सेशन, पुरुषांचा. म्हणे जंगलात शिंपडून वाघिणीला बोलावणार. पानठेल्यावर तर टिंगलीला ऊत आला होता. पण वहिनी, ते येडपटपण नव्हतं बरं का! अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स झूमध्ये २००३ साली त्यांनी चोवीस अत्तरं घेऊन चित्त्यांसमोर ठेवली. काहींना जरा हुंगलं की चालले. ऑब्सेशनपाशी मात्र सरासरी ११ मिनिटं घोटाळत बसले, गाल घासत. पुढे ग्वाटेमालाच्या जंगलात जग्वारला कॅमेऱ्यासमोर थांबवायलाही तोच वापरला. त्यात सिव्हेटोन म्हणून एक द्रव्य असतं, जवादी मांजराच्या ग्रंथीत असतं ते, फक्त हे कारखान्यात बनवलेलं. मोठ्या मांजरांना त्या वासात कुणीतरी येऊन गेल्याची खबर लागते म्हणे. वास म्हणजे त्यांचा पेपरच हो. कोण आलं, कोण गेलं, कुणाची हद्द... थोडक्यात, आपलं जे कुंपणावर चालतं तेच.

आणि वाघाचा स्वतःचा वास? नाकाला पदर लावू नका, ऐका तर! कोलकात्याचे रतनलाल ब्रह्मचारी होते, त्यांनी कितीतरी वर्षं वाघाच्या वासाचा अभ्यास केला. वाघ शेपटी उभारून झाडावर फवारा मारतो ना, हद्द दाखवायला, त्यात त्यांना जे द्रव्य सापडलं ते आपल्या बासमतीत असतं. आंबेमोहोर शिजताना घरभर जो दरवळतो, तोच रेणू! मी हे सांगितलं तेव्हा नणंदबाई मसालेभात वाढून घेत होत्या. घास हातातच राहिला. मग दोनदा भात हुंगून पाहिला आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही ना, काहीही." पण खाल्ला, पुन्हा घेतला सुद्धा.

तेवढ्यावर थांबतेय का मी? म्हटलं, वाघ सोडा, दगडही आमचेच भारी. ते शिबला-पारडीचे खांब! २०२१ मध्ये पांढरकवडा-वणीकडच्या भागात रोडचं काम चाललं होतं आणि मातीखालून उभेच्या उभे दगडी खांब निघाले. सहा बाजूंचे, घडवून लावल्यासारखे. लगेच गावात सुरू, राजाचा वाडा आहे, देऊळ आहे, खाली धन असणार. चंद्रपूरचे भूगर्भ अभ्यासक सुरेश चोपणे आले, पाहिलं आणि म्हणाले, हा तर बेसाल्ट, सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. धनवाल्यांची तोंडं एवढीशी झाली!

उन्हाळ्यात काळ्या वावराला भेगा पडतात ना, तसंच ते. लाव्हा निवताना आकसतो, तडकतो, आणि वरची भेग खाली खाली उतरत जाते, म्हणून खांब. फक्त हे तडकणं किती तापमानाला होतं ते कुणाला नक्की माहीत नव्हतं. २०१८ मध्ये लिव्हरपूलच्या विद्यापीठात आइसलंडच्या ज्वालामुखीचा दगड तापवून, दोन टोकांना आवळून धरून निवू दिला, तेव्हा कळलं. ९८० अंशाला दगड घट्ट होतो, आणि त्यानंतर ९० ते १४० अंशांनी उतरला की तडकतो. म्हणजे आठशेच्या वर गरम असतानाच! आपल्याला वाटतं गार झाल्यावर तडकला असेल. आणि ज्या काळ्या मातीत आपली पऱ्हाटी उभी आहे, ती त्याच लाव्ह्याची झिजून झालेली. नणंदबाईंची बार्शीसुद्धा त्याच लाव्ह्यावर बसलीय, पण ते मी मुद्दामच सांगितलं नाही.

तर मुद्दा राहिलाच. रविवारी नणंदबाईंना टिपेश्वरला नेतोय, जिप्सी ठरवलीय, तुम्हा दोघांपुरती जागा आहे. येताय ना? फक्त एक करा, तुमच्या ह्यांना सांगा सेंट मारून येऊ नका म्हणावं. आमच्या ह्यांच्याकडे पुण्याच्या भाच्यानं दिलेली एक बाटली आहे, आणि काल चष्मा लावून तिच्यावरचं नाव वाचलं. वहिनी, तोच हो, ऑब्सेशन! मी ती गव्हाच्या कोठीत खाली दाबून ठेवलीय. सकाळपासून शोधताहेत.